श्यामरावांची सासरी तापणारी गाडी

श्यामराव गाडी मुद्दाम तापवतात, अशी कुजबूज होती. सासरच्या कार्याला जायचं जिवावर आलं की हा माणूस म्हणे इंजिनात काहीतरी करून ठेवतो. मग वाटेत वाफ, रस्त्याच्या कडेला मुक्काम, आणि 'गाडीच नाही आली हो' म्हणायला मोकळा. ही कुजबूज पहिल्यांदा कुणी केली ते कशाला सांगायचं? पण त्यांची चुलत मेहुणी विजयश्री हिच्या तोंडाला त्या दिवसांत भलतीच चव आली होती, एवढं म्हणायला हरकत नाही.

बरं, कुजबुजीला आधार नव्हता असंही नाही. श्यामराव राहतात मोशीला आणि चाकणच्या कंपनीत जातात कंपनीच्या बसनं. गाडी निघते ती सुट्टीला. पिंपळे सौदागरला खरेदीला न्या, आकुर्डीला मित्राकडे पत्ते कुटायला न्या, गाडी थंडगार. तिचं तोंड चाकणपलीकडे, बायकोच्या म्हणजे रोहिणीवहिनींच्या माहेराकडे वळलं, की तापमानाचा काटा लाल रेघेकडे धावलाच. मेहुण्याच्या वास्तुशांतीला हे दोघं पोचले तेव्हा मंडपवाला खुर्च्या टेम्पोत भरत होता. त्याआधी सासरच्याच एका साखरपुड्याला तर पोचलेच नाहीत.

आता श्यामराव म्हणजे काही साधी असामी नव्हे. कंपनीत गुणवत्ता विभागात आहेत. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, असा सोन्यासारखा धंदा. घरी आमटीत मीठ कमी पडलं तर ते 'कमी आहे' म्हणत नाहीत, 'व्हेरिएशन आहे' म्हणतात. रोहिणीवहिनी मग मिठाची बरणीच त्यांच्या पुढ्यात आदळतात.

गाडीचा हा रोग हुडकायला श्यामरावांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सभा बोलावली. कारखान्यांच्या या पट्ट्यात कुठल्याही घराची बेल वाजवा, गाडीचा एखादा तुकडा बनवणारा माणूस दार उघडतो. तुकडाच, हं! एकानं उभी हयात वायपरच्या मोटरीत घातली, दुसऱ्यानं डाव्या दरवाज्याच्या रबरात. लाखो गाड्यांना यांचा हात लागला, पण अख्खी गाडी म्हणून यांनी पाहिली ती फक्त शोरूममध्ये, पेढे वाटताना.

"पाण्याचा पंप गेलाय, राव," थर्मोस्टॅटच्या कंपनीतला म्हणाला.

"पंपाचं नाव नाही काढायचं," पंपाच्या कंपनीतला उसळला. "आमचा माल तपासूनच बाहेर पडतो. थर्मोस्टॅट चिकटला असणार."

"आमचा थर्मोस्टॅट? भावा, जीभ सांभाळ!"

"रेडिएटरचं झाकण बघा की आधी," रबरवाले मधेच म्हणाले. त्यांची कंपनी झाकणं बनवत नव्हती.

श्यामरावांनी खडू घेऊन भिंतीवर माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढली, प्रत्येक काट्यावर एकेक संशयित लिहिला. कुणीच आपल्या काट्यावर राहायला तयार नव्हतं. शेवटी भांडण मिटावं म्हणून सगळंच बदललं : पंप बदलला, थर्मोस्टॅट बदलला, झाकण बदललं, कूलंट नवं भरलं. मग बॉनेट उघडून गाडी बराच वेळ चालू ठेवली. काटा मध्यावर, जागचा हलेना. सभेनं एकमेकांच्या पाठी थोपटल्या, चहा प्याली आणि पांगली. पुढच्या खेपेला गाडी चाकणच्या वाटेवर, कुरुळीच्या अलीकडेच उकळली.

आणि अशातच नवनाथकडे बारसं ठरलं. नवनाथ म्हणजे रोहिणीवहिनींचा पाठचा, एकुलता भाऊ. लग्नाला बरीच वर्षं होऊन आता कुठं मुलगी झाली होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या एकच. पण नवनाथनं फोनवर आधीच सुनावलं, "अक्का, तुज्या गाडीचा काय भरवसा न्हाई. आई म्हनती, तू टायमाला न्हाई आलीस तर विजूला बसवायचं. ती बी चुलत का हुईना, आत्याच हाय."

"मी आल्याबिगर पोरीच्या कानाशी कुनी गेलं तर बघ!" वहिनींनी फोन आपटला आणि नवऱ्याकडे वळल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाल्या, "अहो, लोक म्हणतात ते खरं असेल तर आत्ताच सांगा. मी बसनं जाते."

श्यामरावांना हे लागलं. खरं तर सासरी जायला त्यांना आवडायचं. सासूबाई कुशाबाई त्यांना पोटभर जेवू घालायच्या आणि कुठल्याच पदार्थात खोट नसायची. पण तोंडावर विचारल्यावर हे सांगायचं सोडून ते म्हणाले, "माझ्यावर संशय घेण्याआधी डेटा बघ." अशा माणसाचं काय करायचं, सांगा.

बारशाच्या दिवशी दोघं गाडीनंच निघाले. नाशिक रस्त्याला नेहमीची कोंडी. कंटेनरमागे कंटेनर, गाडी मुंगीच्या पावलानं. काटा चढू लागला. श्यामरावांनी एसी बंद केला आणि इंजिनाची उष्णता ओढून घ्यायला हीटर पूर्ण सोडला. उपाय बरोबर होता, पण मे महिना होता आणि वहिनी पैठणीत होत्या. गजरा मान टाकू लागला. चाकण दिसायच्या आत काटा लाल रेघेला टेकला. श्यामरावांनी गाडी कडेला घेतली.

तेवढ्यात नवनाथचा फोन. "अक्का, बाया जमल्यात. विजूनं हिरवी साडी नेसलीया."

वहिनी खाली उतरून रिक्षा शोधू लागल्या.

श्यामराव गाडीपुढे उभे. आता सभा नव्हती, भिंत नव्हती, खडू नव्हता. आत रेडिएटरचा पंखा जोरात घोंघावत होता. घाम पुसायला त्यांनी रुमाल काढला, तो हातातून निसटून समोरच्या जाळीदार तोंडावर पडला आणि सरळ घसरून मातीत गेला. श्यामराव बघत राहिले. एवढा पंखा हवा ओढतोय, तर रुमाल तिथंच चिकटायला हवा. उचलून त्यांनी तो पुन्हा धरला. पुन्हा पडला. हवा आत जातच नव्हती.

आणि काय अडवतंय ते त्यांना ठाऊक होतं.

सोसायटीत उंदरांचा सुळसुळाट. शेजाऱ्याच्या गाडीच्या वायरी खाल्लेल्या. म्हणून श्यामरावांनी खिडकीची डासांची जाळी मापात कापून, काळ्या पट्ट्यांनी ताणून, रेडिएटरपुढे बसवली होती. काम इतकं सफाईचं की बाहेरून दिसू नये. चाकणच्या रस्त्याची धूळ तिच्यात बसून बसून तिचा घोंगडीसारखा जाड नमदा झाला होता. मोकळ्या रस्त्यावर, थोड्या अंतरात निभायचं. कोंडीत अडकलं की संपलं.

मग सभेत ती कुणालाच कशी दिसली नाही? अहो, दिसेल कशी! कंपनीत बाहेरचे तपासनीस यायचे असले की आदल्या दिवशी ड्रॉइंगमध्ये, म्हणजे मंजूर नकाशात, नसलेली प्रत्येक वस्तू गुपचूप हलवायची, ते गेले की परत जागेवर आणायची, ही श्यामरावांच्या हाडात मुरलेली सवय. सभेआधी त्यांनी जाळी काढून ठेवली होती. सभेनंतर परत बसवली. जगाच्या कामातली खोट काढणाऱ्याला आपल्या कामाचा संशय येतो कधी?

बॉनेट उघडून, घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यातल्या नेलकटरनं त्यांनी पट्ट्या तोडल्या, धुळीचा तो गालिचा ओढून काढला आणि पाठीमागे लपवला. खरं सांगावं तर कुजबूज खरी ठरते. स्वतःच्या हातानं बसवलेली जाळी! न सांगावं तर बायको रिक्षात बसते.

"रोहिणी, थांब," ते म्हणाले. "मीच केलंय."

वहिनी गर्रकन वळल्या. त्यांनी जाळी पाहिली, पट्ट्या पाहिल्या, नवऱ्याचं तोंड पाहिलं. श्यामरावांनी उंदरांपासून सगळं सांगितलं, अडखळत, एकही इंग्रजी शब्द न वापरता. वहिनी ऐकून घेऊन म्हणाल्या, "आणि ती सभा? तो मासा?" मग गाडीत जाऊन बसल्या. पंख्यानं काटा खाली आणला, आणि गाडी पुढच्या साऱ्या कोंडीत शहाण्यासारखी चालली.

पाळण्याशी विजयश्री पदर खोचून बसली होती. वहिनींनी तिला खांद्याला धरून उठवलं, पोरीच्या कानात नाव सांगितलं, आणि बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. विजयश्रीचा धपाटा जरा जास्तच लागला.

घुगऱ्या वाटताना ती म्हणालीच, "आज दाजींचा मूड होता वाटतं यायचा. गाडी गार!"

"विजू," वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मुद्दाम करायला डोकं लागतं. तेवढं त्यांना न्हाई."

कुशाबाई पदरात तोंड लपवून हसल्या. बाहेर पुरुषांच्या पंगतीत श्यामरावांनी हे ऐकलं आणि मान खाली घालून आणखी एक पोळी मागितली.

गाडी श्यामरावच तापवत होते. मुद्दाम नाही. उंदरांसाठी लावलेल्या जाळीत धूळ भरली होती.