मराठीचा कप्पा

सिंगापुरात क्वीन्सटाउनला आमच्या इमारतीखाली रहिवाशांसाठी एक छोटं वाचनालय होतं. चिनी, मलय, तमिळ पुस्तकांच्या रांगा, आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात मराठीचा एक कप्पा. भारतात परत गेलेल्या कुटुंबांनी देऊन टाकलेली पुस्तकं ती. मी जवळच्याच वन-नॉर्थ भागात एका कंपनीत अकाउंट्समध्ये होते, भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहत होते, आणि शनिवार आला की घर खायला उठायचं. म्हणून पुस्तक घरी न नेता सकाळी तिथेच बसून वाचायचे. शेजारी कोणी नुसतं खोकलं तरी बरं वाटायचं.

एका फेब्रुवारीत काउंटरवरच्या चिनी बाईंनी सांगितलं, मार्चअखेर नव्या वर्षाचं बजेट ठरतं, आणि मराठीचा कप्पा बहुधा जाणार.

"नोबडी रीड, लाह," त्या म्हणाल्या.

मी उखडलेच. दर शनिवारी इथे बसते ते काय माझं भूत? बाईंनी शांतपणे समजावलं. घरी नेलेली पुस्तकं मोजतात, आणि वाचून टेबलावर ठेवलेली. रात्री बंद करताना ती गोळा करून भाषावार आकडा लिहितात, आणि त्यावर पैसा नि जागा ठरते. मी मात्र वाचून झालं की पुस्तक जागच्या जागी ठेवून यायचे. पुस्तक टाकून उठलं तर आमच्या घरी पाठीत धपाटा बसायचा. त्या वळणापायी माझं सगळं वाचन बजेटात शून्य! आणि म्हणे मी हिशेबाची नोकरी करते.

मग मी कंबर कसली. कार्डावर मिळतील तेवढी घरी नेली, आणि दर शनिवारी उरलेली काढून टेबलावर ठेवू लागले. खोटेपणा नको म्हणून प्रत्येकातली चार पानं तरी वाचायचे.

तरी टेबलाचा आकडा हलेना. बाई म्हणायच्या, टेबलावर मराठी काहीच सापडत नाही. एकदा छत्री विसरले म्हणून दुपारी परत गेले, तर टेबल साफ आणि पुस्तकं कप्प्यात, लेखकांच्या आडनावांप्रमाणे ओळीनं लावलेली. बाईंना देवनागरी येत नव्हती. त्यांनी लावली की निम्मी पुस्तकं उलटी असायची. म्हणजे हे कोणा मराठी माणसाचं काम. इतके दिवस इथे आणखी कोणीतरी होतं!

पुढच्या शनिवारी पुस्तकं टेबलावर ठेवून मी दुपारपर्यंत मासिकांच्या मांडणीआड बसून राहिले. साडीवर स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज अशा एक आजी आल्या. "काय ही माणसं, पुस्तकं अशी टाकून जातात!" असं पुटपुटत एकेक पुस्तक पदरानं पुसून आत ठेवू लागल्या.

मी धावलेच. "आजी, राहू द्या, राहू द्या!"

त्या दचकल्या, मग माझा हातच धरला. "अगं बाई, तू मराठी?"

मुलाकडे आल्या होत्या. मुलगा-सून कामावर, नात इंग्रजीतच उत्तर देते. रोज दुपारी येऊन वाचायच्या, जाताना सगळं आवरून ठेवायच्या. मी बजेटाची भानगड सांगितली तेव्हा पोटभर हसल्या, आणि स्वतःच्या हातानं अख्खा कप्पा टेबलावर रिकामा केला.

"आता रोज भेटू या," मी म्हणाले.

"उद्याचं विमान आहे गं माझं," त्या म्हणाल्या. "आल्यापासून बोलायला कोणीतरी शोधत होते."

मार्चअखेरपर्यंत मी रोज ऑफिसातून थेट तिथे जाऊन टेबल भरत राहिले. आता ते कोणी आवरत नव्हतं.

कप्पा वाचला. वर नव्या मराठी पुस्तकांसाठी थोडे पैसेही मंजूर झाले. बाईंनी खुशीत मला विचारलं, कोणती मागवू? मला आजींच्या आवडीची मागवायची होती. पण त्यांना काय वाचायला आवडतं, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.