पाणी खाली, बाटली वर

प्रज्ञा गेल्याची बातमी मला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. हात जोडल्याची चित्रं, पांढरी फुलं आणि खाली मजकूर... 'शांत, मितभाषी व सोशिक स्वभावाच्या आमच्या विज्ञान शिक्षिका...' तिच्या भावाचा फोन येईपर्यंत मी मनाशी धरून बसले होते की ही दुसरीच कुणीतरी बाई असणार. सगळी नोकरी आम्ही एकाच स्टाफरूममध्ये समोरासमोर बसून केली. मी मराठी शिकवायचे, ती विज्ञान. शांत? तिचा आवाज रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जायचा. मितभाषी? ती येताना दिसली की मुख्याध्यापक उगाचच फोन कानाला लावायचे. आणि सोशिक तर ती मुळीच नव्हती. महिना उलटून गेला तरी तो मजकूर माझ्या डोक्यात जातो, म्हणून हे लिहायला बसले आहे.

प्रज्ञा फर्दापूरची. तिचे वडील अजिंठ्याच्या लेण्यांत आरसा धरायचे. बाहेरचं ऊन आरशावर घेऊन आतल्या अंधाऱ्या भिंतीवर टाकायचं, म्हणजे प्रवाशांना चित्रं दिसायची. पुढे विजेचे दिवे आले आणि ते काम गेलं. पण प्रज्ञा ते दुःखानं सांगायची नाही, तोऱ्यात सांगायची. "आमच्या बापानं सूर्याला कामाला लावलं होतं," म्हणायची. दर मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेच्या सुमारास, ती शाळेत मुलांचं अवकाश शिबिर घ्यायची. त्यात पहिल्या दिवशी वडिलांचाच एक जुना आरसा घेऊन, त्यावर भोक पाडलेला कागद चिकटवून, बंद वर्गाच्या भिंतीवर सूर्याचा वाटोळा गोल पाडून दाखवायची. त्या गोलावरचे काळे डाग बघायला मुलं एकमेकांच्या खांद्यावर चढायची. पौर्णिमेच्या दिवशी तिच्या घरून पातेलंभर खीर यायची आणि ती संपेपर्यंत खगोलशास्त्र बंद असायचं.

तेव्हा आमची शाळा शहराच्या अगदी कडेला होती. समोर ज्वारीची रानं, मध्ये एक खडबडीत रस्ता, त्यावरून वाळूजच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बसेस जायच्या. बहुतेक मुलं त्या बसमधून जाणाऱ्या कामगारांचीच. ती खरी यायची रॉकेटसाठी. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घ्यायची, थोडं पाणी भरायचं, रबरी बूच लावून उलटी उभी करायची आणि सायकलच्या पंपानं हवा भरत राहायची. बूच सुटलं की पाणी फुर्रकन खाली आणि बाटली शाळेच्या गच्चीच्याही वर! आणि संध्याकाळी घरी जायच्या आधी बातमीपत्र. एकजण रेडिओच्या आवाजात दिवसभराच्या बातम्या सांगणार, आणि पहिली बातमी फसलेल्या गोष्टीचीच असणार, हा प्रज्ञाचा नियम. एका वर्षी एक मुलगी रडत माझ्याकडे आली, म्हणे बाई, माझं काहीच फसत नाही, माझं नाव बातम्यांत येतच नाही. मी तिला प्रज्ञाकडे पाठवलं. प्रज्ञानं तिला एवढं अवघड काम दिलं की दुसऱ्या दिवशी पहिली बातमी तिचीच होती.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. नळाला आठवड्यानं पाणी, तेही आलं तर. शाळेमागच्या कॉलनीत पाण्याच्या ड्रमला कुलपं लागलेली. शाळेचा हौद कोरडा पडला होता. संस्थेच्या सचिवांनी सांगितलं, यंदा शिबिर नको, लोक शिव्या देतील. प्रज्ञानं ऐकून घेतलं आणि शिबिराचा बोर्ड आणखी मोठ्या अक्षरांत रंगवला. पाणी शाळेचं घ्यायचं नाही, प्रत्येकानं घरून एकदा वापरलेलं पाणी बाटलीतून आणायचं, असं तिनं मुलांना सांगितलं. पण कॉलनीला ते कुठं ठाऊक? पहिल्याच रॉकेटच्या वेळी फाटकात माणसं जमली. पुढे गयाबाई, त्याच कॉलनीत राहणाऱ्या, काखेत रिकामी घागर.

"बाई, आमाला प्यायला थेंब नाय, अन् तुमी आभाळाला पाणी पाजायलात व्हय?"

मला वाटलं, आता प्रज्ञा आवाज चढवणार. ती फाटकापर्यंत गेली आणि त्यांचा हात धरून आत घेऊन आली. "मावशी, रॉकेट पाणी पीत नाय. ते पाणी खाली टाकतं, म्हणून तर वर जातं. हे बघा, उभं कुठं केलंय." तिनं रॉकेट फाटकाजवळच्या वाळत चाललेल्या कडुलिंबाच्या रोपाशेजारी, त्याच्या आळ्यातच उभं केलं होतं. "सगळं पाणी ह्याच्या बुडाला पडंल."

"अन् नाय पडलं तर?"

"तर शिबिर बंद. तुमच्यासमोर कुलूप लावते."

मी तिचा पदर ओढला, पण ती बोलून बसली होती. एवढ्यात सचिवही येऊन उभे राहिले. पोरांनी पंप मारायला सुरुवात केली... आणि आमच्यापैकी कुणीही, अगदी विज्ञानाच्या बाईंनीही, बाटलीत नेमकं कुठलं पाणी आहे हे पाहिलं नव्हतं. ते धुण्याचं होतं. आतल्या आत फेस होत गेला. बूच सुटलं, बाटली वर जायच्या ऐवजी आडवी झाली आणि फेसाची शेपटी घेऊन सचिवांच्या पांढऱ्या सदऱ्यावर जाऊन आदळली. कुणी हसेना. मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात गयाबाई खाली वाकल्या आणि त्यांनी आळ्यातली माती चिमटीत घेतली.

"पडलं की गं, वलं झालंय. पर साबणानं मरंल ना ते झाड! तांदूळ धुतलेलं पाणी घे. मी आणून देते." आणि मग सचिवांच्या सदऱ्याकडे बघून त्या अशा हसल्या की सगळं फाटक हसलं.

त्या संध्याकाळचं बातमीपत्र मला अजून पाठ आहे. "आजच्या ठळक बातम्या. साबणाच्या पाण्यामुळे रॉकेट सचिवांच्या दिशेनं गेलं. सचिव सुखरूप आहेत. सदरा धुवायला मात्र पाणी नाही." शिबिर बंद झालं नाही. गयाबाई रोज तांदळाचं, डाळीचं पाणी पाठवत राहिल्या. तेव्हापासून दर शिबिराला कुंपणालगत एक नवं रोप लावायचं आणि त्याच्या आळ्यातून रॉकेट उडवायचं, असा रिवाजच पडला. पुढे आणखी कोरडी वर्षं आली, शहर वाढत वाढत आम्हाला ओलांडून पुढे गेलं, ज्वारीच्या रानात सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या. आज त्या सगळ्या रस्त्यावर सावली म्हणून आहे ती फक्त आमच्या कुंपणाची. भरदुपारी रिक्षावाले तिथेच रिक्षा लावून डुलकी काढतात.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. हृदय थकलं होतं, बोलताना दम लागायचा. शिबिराचा पंप तेव्हा माझ्याकडे होता. उन्हाळ्यात पंपातला चामड्याचा वायसर सुकतो आणि मग हवा धरत नाही, म्हणून त्याला अधूनमधून खोबरेल लावावं लागतं. तिनं ना तब्येतीचं काढलं, ना घरच्यांचं. "सुधा, वायसरला तेल लावलंस का?" मी म्हटलं, लावते. "लावते नाय, लाव. मे काय तुझ्यासाठी थांबणार हाय का?" मी चिडून उठले, आणि तशीच घरी आले... तेच शेवटचं.

शोकसभा शाळेतच झाली. सचिव तेच, सदरा नवा. त्यांनी जाहीर केलं की बाईंच्या स्मरणार्थ शिबिर आता हॉलमध्ये घेऊ, डोळ्यांना यंत्राचे चष्मे लावून मुलांना बसल्या जागी चंद्रावर नेऊ, म्हणजे ऊन नको, धूळ नको, पाणी नको. आणि मैदानावर नवी इमारत येते आहे, तिच्या पार्किंगसाठी कुंपणाची झाडं काढावी लागतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत! मी उठले. माझं नाव वक्त्यांत नव्हतं. "आजच्या ठळक बातम्या," मी म्हटलं, आणि मागच्या रांगेतली मोठी झालेली पोरं एकदम ताठ बसली. "काय फसलं : बाईंचं स्मारक करायला निघालेल्या संस्थेला बाईंनी काय केलं तेच कळलेलं नाही. हवामान : मे महिन्यात त्याच मैदानात, त्याच लिंबांखाली शिबिर होणार." एवढंच बोलून मी खाली बसले. पण तेवढं पुरलं, कारण गयाबाई काठी टेकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तांदळाचं पाणी मी धाडते. कोण झाड तोडाया येतंय ते मी बघते."

तेव्हापासून शाळेच्या क्लार्कचे फोन येताहेत. पंप शाळेच्या डेडस्टॉकच्या रजिस्टरमध्ये नोंदलेला आहे, जमा करा. नाही करणार. तो माझ्या दाराआड उभा आहे, लाकडी मुठीला प्रज्ञाच्या तळव्यानं आलेली चकाकी तशीच आहे. मैदान राहील की जाईल, मला ठाऊक नाही. बोर्ड मात्र मी रंगवायला दिला आहे, तिच्यापेक्षाही मोठ्या अक्षरांत. काल पंप उघडला. वायसर वाळून वाकडा झाला होता. खोबरेल लावलं, रात्रभर मुरू दिलं. आज सकाळी नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून धरला आणि सगळा राग एकवटून दांडा खाली दाबला. हवेच्या जोरानं अंगठा नळीवरून उडाला.