चंद्र खोटा म्हणणारे फोटोवाले काका

"उजेड कुठनं आलाय, ते सांगा आदी."

कुठलाही फोटो हातात दिला की काका तो तिरका धरायचे आणि हेच विचारायचे. मग तो पेपरातला पुढारी असो की कुणाचं बारसं.

श्रीगोंद्यात त्यांचा स्टुडिओ आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यात एकच भिंत. माणूस एका जागी टिकायचा नाही. खुर्चीला टेकले की उठले, रस्त्यापर्यंत गेले, परत आले. आणि आले की चंद्र. माणूस चंद्रावर उतरलाच नाही, सगळं स्टुडिओत झालं, हे त्यांनी तुम्हालाही पहिल्याच भेटीत ऐकवलं असतं.

"सावल्या बगा. एक इकडं, एक तिकडं."

"काका, जमीन उंचसखल असली की पडतात तशा."

"म्हाईत हाय मला. तारे का न्हाईत ते बी म्हाईत हाय. लख्ख उजेडात कॅमेऱ्याला तारे दिसत न्हाईत."

"मग?"

"मग काय! तरी पन खोटंच हाय."

मला हसू यायचं.

आपलं यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी शेजारपाजारचे सगळे माझ्या दुकानात मोबाईलभोवती जमले होते. टाळ्या झाल्या, पेढे आले. काका सारखे आत-बाहेर करत होते. पेढा हातातच. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, उद्या याल का माज्याबरोबर? पाथर्डीकडं जायचंय. एकट्याला धीर व्हायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी करंजीच्या घाटात त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि सांगितलं. फार वर्षांपूर्वी पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेल्या एका बाईचा तरणा मुलगा ट्रॉलीखाली गेला. त्याचा एकट्याचा लहानसा फोटो घेऊन ती स्टुडिओत आली. मायलेकांचा एकत्र फोटो कधी काढलाच नव्हता. काकांनी तिचा फोटो काढला, मुलाचा कापून शेजारी बसवला, ब्रशनं सावली जुळवली. पुढे ती बाजारात भेटली तेव्हा सोबतच्या बायकांना सांगत होती, "फोटो काडताना पोरगं हसंना, म्हनून म्या चिमटा काडला."

"त्या दिसापास्नं कुटलाच फोटो खरा वाटंना," काका म्हणाले. "म्या नुसत्या कात्रीवर एवडं केलं. चंद्रावाल्यांकडं तर काय न्हाई? काल समदी टाळ्या वाजवत हुती, आन मला ती बाई दिसत हुती. आज सांगून टाकतो तिला."

बाई आता म्हातारी झाली होती. चुलीपुढे बसलेली. मागच्या भिंतीवर तो फोटो. काका उभ्यानंच बोलले, "मावशी, त्यो फोटो म्या जोडलेला हाय. तुमी दोघं कदी आलाच न्हवता."

म्हातारीनं लाकूड आत सारलं. "मला म्हाईत न्हाई व्हय? पोरगं जाऊन महिना झाल्ता तवा." मग जाळ सारखा करत म्हणाली, "पन इतक्यांदा सांगितलंय, आता त्यो चिमटा खराच आठवतो मला. तेवडा ऱ्हाऊ द्या."

काकांनी मान हलवली.

चंद्राचं मत काही बदललं नाही. वाद मात्र ते अर्ध्यावर सोडू लागले.

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. मी पाथर्डीला निरोप धाडला होता. दहाव्याला म्हातारी एसटीनं आली आणि बायकांत जाऊन बसली. कुणीतरी विचारलं, "तुमी कोन यांच्या?"

"कोनी न्हाई," ती म्हणाली. "आमा मायलेकांचा फोटो काडला हुता यांनी."