मालनची तिसरी गाठ

९ सप्टेंबर. मिरजेतल्या आमच्या कॉलेजच्या सराव-खोलीत डॉ. मालनचं टेबल रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. ती जाऊन पाच आठवडे झाले. ड्रॉवरच्या कडीला तिनं मारलेल्या रेशमी दोऱ्याच्या तीन गाठी तशाच होत्या... हातातली कात्री मी खाली ठेवली.

आम्ही दोघी सर्जरी इथंच शिकलो. मी विश्रामबागेतली, ती कवठे महांकाळची. पहिल्याच महिन्यात तिनं सरावाला मारलेली टाक्याची गाठ मला तपासायला सांगितली. मी न ओढताच "छान आहे" म्हणाले. तिनं स्वतः ओढली, गाठ सुटली. "छान म्हणं. पेशंटच्या पोटात सुटली असती मग? लाजतीस कशाला गं, मी काय तुजी सासू हाय?"

पुढं ती शिकवू लागली तेव्हा शिकाऊ डॉक्टरांना एकमेकांच्या गाठी तपासायला लावायची. 'छान' म्हणायला बंदी. आधी ओढायचं, मग काय चुकलं आणि कसं सुधारायचं ते सांगायचं. ऐकणाऱ्यानं सबब सांगायची नाही.

गेल्या वर्षी आजारानं तिचा हात थरथरू लागला. याच कडीला तिनं तीन गाठी मारल्या आणि म्हणाली, "वढ की." दोन घट्ट होत्या. तिसरी माझ्या बोटाखाली सरकली. "ठीक वाटतेय," मी म्हणाले.

"इतक्या वर्सांनी परत तेच व्हय?"

मग सांगितलं. तिसरी सरकते, तू आता ऑपरेशन करणं थांबव. ती म्हणाली, "आता कशी बोललीस. चल, च्या पाज." त्यानंतर तिनं ऑपरेशन केलं नाही. गाठी तपासायचा हा तास मात्र शेवटपर्यंत घेतला.

ती गेल्यावर मुलं पुन्हा एकमेकांना 'छान, छान' म्हणू लागली. वेळ जातो, तपासणी शिक्षकांनीच करावी, असं विभागात ठरत आलं होतं. तिची पद्धत चालू ठेवायला मी महिनाभराची मुदत मागून घेतली. टेबल हलवलं नाही.

१० सप्टेंबर. सकाळी सहा शिकाऊ डॉक्टरांसमोर त्याच कडीला, तिच्या गाठींशेजारी, मी पाच गाठी मारल्या. "ओढा." कुणी हलेना. शेवटी एक मुलगी पुढं आली. चौथी ओढली, पुन्हा ओढली.

"मॅडम, ही सरकतेय. दुसरा फेरा घेताना तुम्ही दोरा ढिला सोडता."

सबब ओठांवर आली होती, ती गिळली. मालनच्या गाठींना धक्का न लावता माझी चौथी कापली आणि त्या मुलीसमोर पुन्हा मारली.