ताप चढवणारे डॉक्टर

सगळ्या जगाचे डॉक्टर ताप उतरवतात. आमचे वसईचे डॉक्टर ताप चढवायचे. आणि तो चढला नाही की त्यांचंच तोंड उतरायचं.

चौथीत शाळा सोडून मी घाटावरून वसईजवळच्या पापडीला आलो होतो, केळीच्या वाडीवर केळी वाळवून सुकेळी करायच्या कामाला. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. एके दिवशी डावा डोळा लालभडक झाला. उजेड नुसता टोचायचा. डॉक्टर म्हणाले, "आतून सुजलाय. हयगय केलीस तर जाईल." डोळा गेला तर काम गेलं, आणि मग गावी कुठल्या तोंडानं जायचं?

त्या काळी यावर एक इलाज असे. टायफॉईडचे मेलेले जंतू सुईनं शिरेत सोडायचे. जंतू मेले तरी त्यांचं विष उरतं. ते जरासं रक्तात गेलं की शरीर खवळतं, ताप येतो, आणि त्या धुमाळीत डोळ्याची सूजही ओसरते. सुई टोचून डॉक्टर खाटेशी स्टूल ओढून बसायचे. माझे दात वाजू लागले की खूश. "कुडकुड रे बाबा, लाजू नको!"

मी राहायचो एका ख्रिस्ती आजीकडे. पहिल्या सुईला मी असा फणफणलो की तिचा जीव कळवळला. ती तडक देवळात गेली (चर्चला तिकडे देऊळच म्हणत), माऊलीच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावली आणि पोराला पुन्हा ताप येऊ नये असं मागून आली. दुसरी सुई झाली, तर अंग थंडगार! मी आनंदानं ओरडलो, "डॉक्टर, ताप नाही!"

"मग हसतोस काय गाढवा?"

आजी म्हणाली, "माऊलीनं ऐकलं माझं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आजी, माऊलीला कशाला मध्ये घालता? अहो, घरी परका माणूस आला की कुत्रा भुंकतो. तोच परवा पुन्हा आला तर नुसता एक कान हलवतो. याच्या शरीराला विषाची ओळख पटली, म्हणून ते गप्प."

"मग आता हो?" मी रडकुंडीला आलो.

"आता जरा दांडगा पाहुणा धाडू. आणि आजी, तुम्ही तेवढं मागणं बदलून या."

"काल एक मागितलं, आज उलटं! माऊली म्हणेल, म्हातारीला चळ लागला," असं कुरकुरत का होईना, आजी गेली.

तिसऱ्या सुईला खाट भिंतीपासून सरकली. आजीनं घरातल्या सगळ्या गोधड्या माझ्यावर टाकल्या आणि वर स्वतः बसली. थर्मामीटर उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले, "वा! शाबास!" परीक्षेत पास झाल्यावरही मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

आणखी काही सुया झाल्या, दर वेळी पाहुणा आधीपेक्षा दांडगा. डोळा वाचला.

पुढं डॉक्टर मुलाकडे कायमचे राहायला निघाले. टांग्यापाशी मी वाकलो, तर त्यांनी माझी हनुवटी धरली आणि डावी पापणी खाली ओढली.

"अरे, हा पुन्हा लाल!" ते बॅगच उघडायला लागले.

मी बाहीनं नाक पुसलं. तेवढ्यात त्यांनी उजवी पापणी ओढून पाहिली. तोही तितकाच लाल.

"दोन्ही आहेत होय? मग ठीक," म्हणाले, आणि बॅग मिटून टांग्यात चढले.