अंबाजीचा उजवा हात

लोणावळ्याजवळच्या औंढ्याचा अंबाजी मांडेकर ट्रक चालवतो. तळेगावच्या एमआयडीसीतून गाड्यांचे सुटे भाग भरायचे आणि हरियाणात मानेसरला उतरवायचे, हे त्याचं काम. गाडी एक्स्प्रेसवेवरून त्याच्या घरामागूनच जाते. बायको नंदाबाई धुणं वाळत घालताना ट्रक ओळखते. थांबता येत नाही. मालक मोबाईलवर गाडी बघत बसलेला असतो, आणि औंढ्यात माल उतरत नाही हे त्याला ठाऊक आहे.

गाडीवर दोघं. जोडीदार रतन ओव्हाळ, घोरावाडीचा. एक चालवतो तेव्हा दुसरा केबिनमध्ये मागच्या फळीवर झोपतो, किंवा शेजारी बसून चुका काढतो. निघायच्या आधी अंबाजी टॉमीच्या लोखंडी दांड्यानं एकेक टायर ठोकून आवाज ऐकतो, रतन ताडपत्रीचे दोर ओढून बघतो. आंघोळ पंपावर, स्वयंपाक गाडीच्या सावलीत स्टोव्हवर. पिठलं अंबाजीचं, भात रतनचा. रतनच्या भाताला अंबाजी खळ म्हणतो आणि दोनदा वाढून घेतो.

मी चालकांची संघटना चालवतो. शाळेचं म्हणाल तर सातवी. कायदा नंतर वाचला, भांडता भांडता. लोक म्हणतात मी तापट आहे. ते खरं आहे, पण लोकांनी ते सांगायची गरज नव्हती.

तर त्या गाडीत मालकानं कॅमेरा बसवला. काचेच्या वर, ड्रायव्हरच्या तोंडावर रोखलेला. जांभई दिली की वाजतो, मान वळली की वाजतो, हात कानाशी गेला की मोबाईल म्हणून नोंद करतो. मोबाईलच्या तीन नोंदी झाल्या की माणूस गाडीवरून खाली. अंबाजीच्या दोन झाल्या होत्या. त्याचा मोबाईल दोन्ही वेळेला फळीवर, उशीखाली होता.

झालं होतं असं. कामशेतचा बोगदा संपला की उजव्या हाताला कार्ल्याचा डोंगर येतो. वर एकवीरा. मांडेकरांच्या घरची देवी. दारावरून जायचं आणि वर चढायचं नाही, म्हणजे चूक. त्या चुकीची माफी म्हणून जाता जाता कानाच्या पाळीला हात लावायचा आणि तोच हात कपाळाला न्यायचा. अंबाजीचा बाप बैलगाडीतून हे करायचा, अंबाजी ट्रकमधून करतो. बैलगाडीत कॅमेरा नव्हता.

मी अंबाजीला घेऊन तळेगावच्या ऑफिसात गेलो. तिथला मॅनेजर सत्यम, चोवीस-पंचवीसचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट. त्यानं व्हिडिओ लावला. आवाज नव्हता. पडद्यावर अंबाजी कानाला हात लावत होता आणि खाली लाल अक्षरांत मोबाईल असं उमटलं होतं.

"हातात काही दिसतंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही ना. मोकळाच आहे हात."

"मग?"

"काका, मला दिसतं. पण ज्यांचा माल आहे त्यांच्याकडे व्हिडिओ जात नाही, नोंद जाते. तिसरी गेली की तेच म्हणतात, हा ड्रायव्हर नको."

मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला. सत्यमनं तो पुसला आणि दुसरा मागवला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं.

"हा माणूस देवीला नमस्कार करतो," मी म्हणालो. "तुमच्या मशीनला देव कळत नसेल तर मशीन बदला."

"पण हात स्टिअरिंगवरून सुटतो, हे तर खरं ना?"

खरं होतं. म्हणून मी आवाज वाढवला. अंबाजीनं माझी बाही ओढली.

"भाऊ, बसा. पोरगं काय खोटं बोलत न्हाई."

"मनातल्या मनात करा ना नमस्कार," सत्यम त्याला म्हणाला.

"करतो की. पन हात ऐकत न्हाई."

बाहेर आल्यावर मी त्याला मोर्चा, निवेदन, उपोषण असे तीन मार्ग सांगितले. तो म्हणाला, "भाऊ, परवा गाडी निघतीय." वय बावन्न. या वयात एकदा नोंदीवर उतरला की दुसरी गाडी कोण देणार? पोरगी प्रेरणा बारावीला. बदली मजूर म्हणून दुसऱ्याच्या भातखाचरात उभं राहायचं नाही, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं.

उपाय बरेच निघाले. नंदाबाई म्हणाली, हात रुमालानं स्टिअरिंगला बांधा. वळणाला काय करायचं, असं अंबाजीनं विचारलं. ती म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या. पंचवीस वर्सांत माज्यासाटी कदी कानाला हात लागला न्हाई, तिच्यासाटी बरा आपोआप उटतोय." कार्ल्यापाशी रतननं चालवावं असं मी सुचवलं. पण घाट सीनियरनं उतरवायचा हा कंपनीचा नियम, आणि उर्स्याचा टोल सोडला की घाटापर्यंत गाडी उभी करून जागा बदलायची सोय नाही.

शेवटी निघायच्या दिवशी, दोर आवळता आवळता, अंबाजीनं रतनला विचारलं. पुढचं दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं, तरी जुळलं. ट्रक ड्रायव्हरांच्या बाबतीत हे क्वचित होतं.

"रतन, माज्या वाटचा हात तू लाव की. तुज्यावर कॅमेरा न्हाई."

"न्हाई."

"नुसता कानाला."

"माज्या आज्यानं छप्पन साली देवाऱ्यातले देव नदीत सोडले. त्यानं सोडलेलं मी ट्रकात बसून परत धरू? तुज्यासाटी रगत देईन. हात न्हाई जोडनार."

"रगत काय करू? ते कॅमेऱ्याला चालत न्हाई."

रतनचं बरोबर होतं. अंबाजीचंही. मला कोणी विचारलं असतं तर मी दोघांच्या बाजूनं भांडलो असतो.

दोघं निघाले. उर्स्याचा टोल गेला. बोगदा आला. अंबाजीनं स्टिअरिंग असं धरलं होतं की रतन म्हणतो, गाडीपेक्षा तोच स्टिअरिंगला लटकला होता. बोगदा संपला, डोंगर दिसला, आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून सुटायला लागली. आधी करंगळी. अंबाजीच्या कपाळावर घाम. पुढं टँकर, बाजूला आरामबस, आणि त्याचं लक्ष स्वतःच्या हाताकडे.

रतननं ते पाहिलं. तो घसा खाकरून, अंबाजीच्या अंगावरून वाकून, उजव्या खिडकीकडे तोंड करून मोठ्यानं बोलला.

"एकवीराबाई, मी रतन ओव्हाळ, घोरावाडीचा. नमस्कार न्हाई, निरोप हाय. अंबाजी मांडेकर गाडीवर हाय. हात गुतलेत, वर यायला जमत न्हाई. रागावू नका."

आणि परत सरळ बसला.

करंगळी स्टिअरिंगवर आली. मग बाकीची बोटं. अंबाजी मान न वळवता म्हणाला,

"प्रेरनाच्या बारावीचं पन सांग."

"येवडाच निरोप होता. बाकीचं सुट्टीवर जाऊन तुजं तू सांग."

"काय म्हनली?"

"मला काय ऐकू आलं न्हाई. इंजिनाचा आवाज लय हाय. तू टँकरकडं बघ."

कॅमेरा वाजला नाही. घाटात अंबाजीनं गाडी खालच्या गियरमध्ये टाकून, डाव्या लेनमध्ये ठेवून, नेहमीसारखी उतरवली. खोपोलीच्या खाली रतन फळीवर जाऊन झोपला. सुरतेपुढं पंपावर भात शिजला आणि अंबाजीनं त्याला खळ म्हटलं.

परतीला घाट चढून लोणावळा मागं पडला की डोंगर डावीकडे येतो, म्हणजे शेजारी बसलेल्याच्या बाजूला. अंबाजी स्टिअरिंगवर होता. मलवलीच्या आसपास रतननं आपण होऊन काच खाली केली.

"बाई, अंबाजी परत आला बरं का. गाडी रिकामी हाय."

"रिकामी कुटं? चाकनचा माल भरलाय की मागं," अंबाजी म्हणाला. "तिला खोटं सांगू नको."

रतननं काच पूर्ण खाली केली आणि डोक्यासकट बाहेर वाकला.

"माल हाय म्हनतोय."