अंगाला लागलेले विरजण

औषधांच्या त्या कारखान्यात अगदी शेवटची एक खोली होती. तयार झालेले औषध काचेच्या मोठ्या भांड्यात तिथे खड्यांच्या, म्हणजे स्फटिकांच्या रूपाने धरले जात असे. त्या भांड्यापाशी तिचे सारे आयुष्य गेले होते. तिचे लग्न झाले नाही की तिने केले नाही, हे तिने कोणाला सांगितले नाही, आणि विचारण्याची कोणाची छातीही झाली नाही.

तिला सगळे विरजणताई म्हणत. गरम द्राव निवत आला की त्यात आधीच्या खड्यांची चिमूटभर पूड टाकावी लागते. मग द्रावातले औषध त्या पुडीचेच वळण घेते आणि हळूहळू भांडे चकचकीत, चपट्या पापुद्र्यांनी भरून जाते. दुधाला विरजण लावावे तसाच हा प्रकार. ताईचे विरजण सहसा वाया जात नसे.

"ताई जवळ आली की औषध लाजून घट्ट होतं," असे तिथला फिटर म्हणे.

"तुझी जीभ कधी घट्ट होते, त्याची वाट बघतेय मी," ती सुनावी.

हे औषध तिच्या घरातही होते. तिच्या धाकट्या भावाला लहानपणापासून आकडी येत असे. या औषधाचे पातळ मिश्रण बाटलीतून मिळू लागल्यापासून ती थांबली होती. त्याला रोज संध्याकाळी चमचा भरून ताईच देई. भाऊ पन्नाशीला आला होता, तरी तिच्या लेखी तो बाळ्याच होता.

कारखान्याच्या मुख्य रसायनज्ञ बाईंची काम करण्याची रीत उलटी होती. त्या आधी फळ्यावर औषधाचा पूर्ण रेणू काढीत. मग तो एकेका सांध्याशी तोडीत मागे मागे जात, ते थेट पिंपातून विकत मिळणाऱ्या साध्या द्रव्यांपर्यंत. "बांधायच्या आधी पाडून बघायचं," त्या म्हणत. "कुठे तुटतं ते कळलं, की कुठे जोडायचं ते कळतं."

औषधाची जुनी वाट लांबलचक होती. एका तुकड्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे एकाच ओळीत जोडत जावे लागे आणि प्रत्येक जोडणीत थोडा माल वाया जाई. बाईंनी तो रेणू फळ्यावर मधोमध तोडून पाहिला. दोन अर्धे वेगवेगळे तयार करायचे आणि शेवटी एकमेकांना जोडायचे, असे ठरले. एका अर्ध्याचे एक टोक भलत्याच ठिकाणी चिकटू पाहत असे, म्हणून जोडणी होईपर्यंत त्याचे तोंड बांधून ठेवायचे आणि मग सोडायचे, अशीही युक्ती त्यांनी केली. माल वाढला, नासाडी घटली. सगळ्यांना बरे वाटले.

नव्या वाटेने आलेला द्राव ताईच्या भांड्यात निवत होता. ती पुडीची कुपी घेऊन आली, तेव्हा भांडे आतून पांढरे झालेले होते. तिने विरजण लावलेच नव्हते. पापुद्रे कुठेच नव्हते. काचेपासून मध्याकडे टोके करून बारीक सुया दाटीने उभ्या होत्या.

बाईंनी तपासणी केली. औषध तेच होते, एका अणूचाही फरक नव्हता. फक्त रेणूंची एकमेकांशेजारी बसण्याची तऱ्हा बदलली होती. मात्र या सुया पाण्यात विरघळायला तयार नव्हत्या. रुग्णाच्या पोटात त्या तशाच पडून राहिल्या असत्या.

"नव्या वाटेने एखादा परका कण सोबत आला असेल," बाई म्हणाल्या. "आपण जुन्याच वाटेने करू."

जुन्या वाटेने केले, तरी सुयाच आल्या. भांडी घासली, भिंती धुतल्या, तरी सुयाच. पापुद्र्यांची राखून ठेवलेली पूड टाकली, ती सुयांनी गिळून टाकली. जुना खडा जणू त्या खोलीतून उठून निघून गेला होता.

दूरच्या एका गावात हेच औषध करणाऱ्या कारखान्यात मात्र अजून पापुद्रे येत होते. तिथे काय वेगळे करतात, हे पाहायला बाईंनी ताईला पाठवले. जाणत्या माणसालाच पाठवावे, एवढाच त्यांचा विचार होता. ताई स्वच्छ न्हाऊन, धुतलेले कपडे घालून गेली. जुन्या सवयीने ती भांड्यावर वाकली आणि आत डोकावली.

संध्याकाळी त्या भांड्यातही सुया उभ्या राहिल्या. तिथला कामगार ताईपासून दोन पावले मागे सरला.

ती घरी परतली, तर बाळ्याला दुपारी आकडी येऊन गेली होती. कित्येक वर्षांत असे घडले नव्हते. भावजयीने औषधाची बाटली उजेडासमोर धरली. तळाशी पांढरे काहीतरी उभे होते. औषध खाली सुया होऊन बसले होते, आणि बाळ्याच्या चमच्यात नुसते गोड पाणी येत होते.

"वन्सं, रागावू नका," भावजय हळूच म्हणाली. "तुम्ही न उघडलेली ही दुसरी बाटली बघा. स्वच्छ आहे हो."

ताई त्या बाटलीजवळ गेली नाही. तिने आपले हात पाठीमागे धरले.

"काहीतरीच काय!" बाळ्या अंथरुणावरून म्हणाला. "ताई म्हणजे काय साथीचा रोग आहे?"

"ती बाटली पुरेल तेवढी पुरव," ती भावजयीला म्हणाली. त्याच दिवशी तिने रस्त्यापलीकडे भाड्याची खोली घेतली.

बाईंनी फार लांब, जिथे हे औषध कधीच गेले नव्हते अशा जागी, नवी शेड उभारली. वाट जुनीच घेतली, माणसे मात्र सगळी नवी; जुन्यांच्या अंगाला सुयांचे न दिसणारे कण लागलेले असणार आणि तेच विरजण ठरत असणार, हे बाईंना कळून चुकले होते. जुन्यांपैकी कोणीही तिथे पाऊल टाकायचे नाही, अशी सक्त ताकीद होती, आणि ती बाईंनी स्वतःही पाळली. विरजणाची पूड सुया येण्याआधीच बाहेर पाठवलेल्या एका सीलबंद डब्यातून मिळाली, पण ती नेमकी कधी टाकायची, हे नव्या मुलीला उमगेना. लवकर टाकले तर पूड विरघळून जाई, उशीर झाला तर द्राव गढूळ होऊन एकदम बसे. शेवटी ताईला फोन लावून दिला.

"भांड्याच्या काचेवर तेलकट लाटा दिसतात का?" ताईने विचारले.

"दिसतात, आजी."

"आजी नको म्हणूस, काम बिघडेल. लाटा थांबू देत. थांबल्या? आता टाक. आणि वाकू नकोस गं, लांबूनच बघ."

मग ताईने फोनच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरला. आपला श्वास तारेतून तिकडे जाईल, असे तिला वाटत होते. ते खोटे आहे हे तिला ठाऊक होते, तरी तिने हात काढला नाही.

मग मुलगी म्हणाली, "चमकतंय, ताई. चपटं चपटं."

नवी बाटली थेट बाळ्याच्या दारी पोचली, तेव्हा जुनीतले शेवटचे थेंब उरले होते. ताई रस्त्यापलीकडे उभी राहून पाहत होती. भावजयीने चमचा भरला, बाळ्याने तो घेतला आणि ताईला दिसावे म्हणून तोंड मोठे उघडून दाखवले.

"झालं आता!" तो उंबऱ्यातून ओरडला. "ये की घरात! किती दिवस अशी परक्यासारखी उभी राहणार आहेस?"

"दार लाव, बाळ्या," ती म्हणाली. "वारा माझ्याकडून तुझ्याकडे वाहतोय."